संभाव्यतेत अडलेलं घोडं

“चिन्ह बदललं नाहीस,” मास्तर म्हणाले आणि डाव्या हातातल्या लाल पेन्सिलीने कागदावर वेडंवाकडं वर्तुळ काढलं.

लेक हसली. तीन क्ष बरोबरीच्या पलीकडे नेताना तिने अधिकचं चिन्ह तसंच ठेवलं होतं, मुद्दाम.

झटका आल्यापासून मास्तरांचा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं संथ झालं होतं. डोकं कितपत शाबूत आहे, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. हा सराव डॉक्टरीणबाईंनी सुचवला. शाळेत मुलांच्या चुका काढण्यात जन्म गेलेला माणूस; जित्याची खोड आहे, तीच वापरून घ्या, असं त्या म्हणाल्या. लेकीने गणित पायरीपायरीने सोडवायचं, मध्येच एक चूक पेरायची आणि वडिलांनी ती शोधायची. सगळ्या चुका सापडू लागल्या की मास्तर एकटे राहू शकतील आणि लेक नवऱ्याकडे परत जायला मोकळी.

बीजगणित मास्तरांनी केव्हाच सर केलं होतं. अवयव पाडताना केलेली लबाडी ते चहा निवायच्या आत पकडत. घोडं अडलं होतं ते संभाव्यतेत. तिथे पेन्सिल नुसतीच ओळींवरून फिरे आणि शेवटी “नाही बुवा सापडत” म्हणून ते ती खाली ठेवत. लेक म्हणायची, असू द्या बाबा, घाई कसली.

शेजारच्या मावशींना दोघांचीही दया येई. जावयाचा फोन आला की पोरगी हातातलं काम टाकून गॅलरीत जायची आणि आत यायची ती डोळे पुसत. तिचा सगळा जीव तिकडे लागलाय, असं मावशी म्हणत आणि मास्तरांना दटावत, की जरा डोकं चालवा, पोरीचा संसार खोळंबलाय. मास्तर बिचारे मान खाली घालून ऐकून घेत.

एका रविवारी जावई स्वतःच आला, न कळवता. आल्याआल्या त्याने कपाटावरची बायकोची बॅग खाली काढून ठेवली. मावशींनी पोरीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही त्यानेच दिली. चहा देताना तिच्या हातून थोडा बशीत सांडला.

“बाबा, तुम्ही तर ठणठणीत दिसताय,” जावई म्हणाला. “आज हिला घेऊनच जातो.”

मास्तर म्हणाले, आजचं गणित तेवढं राहिलंय. त्यातली चूक सापडली तर खुशाल न्या.

लेकीने कागद पुढे ठेवला. पिशवीत पाच लाल आणि तीन पांढरे चेंडू. एकामागून एक दोन काढायचे, पहिला परत टाकायचा नाही. दोन्ही लाल येण्याची संभाव्यता किती? पहिल्या पायरीला पाच छेद आठ. दुसरीला चार छेद सात. गुणाकार वीस छेद छप्पन्न. उत्तर पाच छेद चौदा.

मास्तर बघत राहिले. दारात उभ्या मावशींचा जीव टांगणीला लागला. अखेर जावयाचाच धीर सुटला आणि तो कागदावर वाकला.

“अहो, हे काय. आधी छेदात आठ, मग सात? पिशवीत चेंडू आठ आहेत ना? इथे आहे चूक.”

मास्तर त्या साताकडे बराच वेळ पाहत होते. आयुष्यभर त्यांनी चुकीच्या पायरीला कधी मान डोलावली नव्हती. मग त्यांनी सावकाश साताभोवती वर्तुळ काढलं.

“खरंच की,” ते म्हणाले. “मला दिसलंच नाही.”

जावयाने सुस्कारा सोडला. एवढंही ज्याला दिसत नाही, त्या माणसाच्या भरवशावर गॅस आणि कुलूप सोडलं तर लोक काय म्हणतील, असं तोच म्हणाला. राहू दे हिला अजून, पुढचं पुढे बघू. तो निघाला तेव्हा मावशी त्याची समजूत काढत फाटकापर्यंत गेल्या.

लेकीने दार लावून घेतलं आणि ती वडिलांच्या खुर्चीशी येऊन बसली.

“बाबा,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “तो सात बरोबर होता.”

“ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “आणि संभाव्यतेच्या एकाही गणितात तू आजवर चूक घातली नाहीस, तेही.”