विहिरीचं विरजण

आरोग्यसेविका वृषालीने तपासणीच्या नळीत औषधाचे थेंब टाकले, पण पाणी काही पिवळं झालं नाही. म्हणजे हौसाआजीच्या घागरीत क्लोरिन नावालाही नव्हतं. दरडीखाली गेलेल्या गावाची ही पत्र्याची छावणी. सगळे एकाच टाकीवर पाणी भरायचे, शेजारपाजारच्या घरांत नळी झटकन पिवळी व्हायची. जुलाबाने बेजार होती ती मात्र आजीचीच नात. वृषालीला हे कोडं सुटेना.

दुसऱ्या दिवशी ती पाणी भरायच्या वेळेलाच येऊन बसली. आजीने घागर ओतून टाकली, पण तळाशी तांब्याभर पाणी राखलं आणि त्यावरच नवं भरलं.

"आजी, घागर घासत नाही होय?"

"घासून कसं चालंल, पोरी? हीच भरून आणत हुते, तवाच डोंगर खाली आला. आमच्या इहिरीचं पाणी हाय तळाला. रोज थोडं ठेवते, विरजणासारखं. इहीर तर गेली गाडून."

वृषालीला रागवायचं होतं, पण जमलं नाही. "मग हे विरजण उकळून घेऊ या का?"

आजीने घागरीतलं पाणी जपून हंड्यात ओतलं. मग तिने चूल पेटवली, ते पाणी उकळायला ठेवलं आणि राखेने घागर लख्ख घासली.

आठवड्याने वृषाली आली तेव्हा नात बाहेर खेळत होती आणि नळी पिवळीधमक झाली. दारात गावच्या बायका वाट्या घेऊन उभ्या होत्या, इहिरीचं विरजण मागायला.

आजीने उकळलेल्या पाण्याचा तांब्या मागे घेतला.

"आधी वाट्या घासून आणा."