एकही खिळा नाही

घरमालक आठल्येकाका चष्मा कपाळावर चढवून रिकाम्या फ्लॅटच्या भिंतींवरून तळहात फिरवत होते. खिळा ठोकायचा नाही, ही अट त्यांनी करारात लाल पेनाने अधोरेखित केली होती.

अकरा महिन्यांचा करार चौथ्याच महिन्यात मोडून रेवती एकटीच किल्ली परत द्यायला आली होती. लग्नाचा मोठा फोटो चारही महिने हॉलमध्ये जमिनीवर भिंतीला टेकून होता. खिळ्याची परवानगी मागायला दोघांपैकी कुणीच गेलं नाही. नवरा आपलं सगळं सामान घेऊन गेला तेव्हाही फोटो तिथेच राहिला.

काका खूश झाले. “एक भोक नाही की डाग नाही! इथे नवरा-बायको राहत होते असं वाटतच नाही.”

रेवतीने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

“आम्हालाही कधी वाटलं नाही, काका.”