अण्णांचा अंगठा

अण्णांनी जोडलेल्या पाळण्यावर मी ओलं फडकं फिरवलं, तसे सुकलेल्या फेव्हिकॉलचे डाग वर आले. काचेच्या तुकड्याने सगळे खरवडले. दांडीवरचा एक मात्र राहू दिला. त्यात अण्णांचा अंगठा उमटला होता. पाळणा जोडला त्याच संध्याकाळी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली.

फेव्हिकॉलवर पॉलिश धरत नाही. तेवढी जागा पांढरटच राहिली. पाळणा त्यांच्या खाटेशी नेऊन मी म्हटलं, "बघा अण्णा, तुमची खूण ठेवलीय."

त्यांनी डोळे बारीक केले. ओठ बराच वेळ थरथरत राहिले.

"डाग... खरवड, गधडे!"

मी काच आणायला उठले आणि दारातच थबकले.

"आई, धावत ये! अण्णा मला ओरडले!"