दोरीला बांधलेला पट्टा

बाळंतिणीनं सव्वा महिना अंथरुणातून उठायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक; आणि आरोग्य खात्याला तर प्रत्येकाची रोजची हालचाल मोजून हवी. म्हणून सासूबाईंनीच हेमांगीच्या मनगटावरचा खात्याचा पट्टा काढून पाळण्याच्या दोरीला बांधला. पाळणा हलत राहिला, आकडे भरत राहिले.

आज सव्वा महिना सरल्यावर तो पट्टा पुन्हा हाताला लावून हेमांगी अंगणात चार पावलं चालली, तर पट्टा लाल झाला. तासाभरात आरोग्यसेविका कुंदाताई दारात हजर.

"अगं, पट्टा माणसाला ओळखतो ते त्याच्या हालचालीवरून," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्या लेखी हेमांगी म्हणजे आता तो झोका. तू कुणीतरी परकी बाई, बाळाजवळ शिरलेली. पाचला गाडी येईल तुला न्यायला."

"परकी? मग बाळाला पाजतंय कोण, तुमचं खातं?" सासूबाई कडाडल्या.

"मला कळतंय हो काकू. पट्ट्याला कुठं कळतंय!"

हेमांगीनं बाळाला छातीशी घेतलं आणि ती जागच्या जागी डोलू लागली. सावकाश, पुढे आणि मागे. पट्टा हिरवा झाला.

"झालं गं बाई! थांब आता," सासूबाई म्हणाल्या.

ती थांबली, तसा पट्टा पुन्हा लाल.

पाचला गाडी आली आणि रिकामी परत गेली. दिवेलागणीला सासूबाई डोलणाऱ्या सुनेला मऊ भाताचे घास भरवत होत्या. बाळ गाढ झोपलं होतं. थांब म्हणायचा धीर मात्र त्यांना होत नव्हता.