लंगडी मांजर

कामात चुका फार होतात म्हणून शेवटच्या गिऱ्हाइकानंही नारळ दिला, तेव्हा घरी बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या गड्यानं डोकं ठिकाणावर ठेवायला एक खेळ केला. पडद्यावर एक मांजर. कीबोर्डची डावीकडची बटणं दाबली की ती डावा पंजा नाचवायची, उजवीकडची दाबली की उजवा.

आज सकाळपासून डावा पंजा हलेना. त्यानं प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला, कीबोर्डही बदलला. मुंग्या येणारा हात झटकून पुन्हा बटणं बडवली. डॉक्टरकडे जायला त्या नालायक गिऱ्हाइकांनी सवड दिलीच कुठं होती?

आई मागे येऊन उभी राहिली. "कामधंदा सोडून मांजर पाळलीस, तीही लंगडी?"

"प्रोग्रॅममध्येच चूक आहे गं कुठंतरी."

"सरक." आईनं दोन्ही हातांनी वाट्टेल ती बटणं बडवली. मांजर दोन्ही पंजांनी थयथय नाचली.

"बघ, माझा हात लागला आणि बरी झाली." आई पोट धरून हसली. तोही हसला, डावा हात मांडीवर तसाच पडलेला.

आईचं हसू थांबलं.

"अरे, असा अर्ध्याच तोंडानं काय हसतोस?"