नळामागची बाई

"खोटं तुम्ही बोलताय साहेब, माझं चित्र नाही बोलत," योगिनी ताडकन म्हणाली.

नाशिकच्या प्रदर्शनात तिने आपल्या डोंगरपाड्याचं चित्र टांगलं होतं. डावीकडून पाहिलं की नळाला धो धो पाणी. उजवीकडे सरकलं की तोच नळ कोरडा आणि हंडा घेऊन दरी चढणारी बाई.

पाणीपुरवठा खात्याचे साहेब हसले. "मॅडम, उद्या मंत्री येतायत. बाई काढा, नळ राहू द्या."

"दोन्ही चित्रांच्या बारीक पट्ट्या एकाआड एक छापल्यात. तिला काढलं तर तुमच्या नळाच्याही चिंध्या होतील."

"मग नवीन छापा! कोण कुठली बाई, तिच्यावाचून काय अडलंय?"

"आई आहे माझी. आत्ताही दरीतच असेल. काढते तिला, पण आधी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवा. कधी उतरवताय? बोला!"