फळीवरची सवत

मशीन चालूच राहिलं. फळीवरच्या रेडिओत निवेदिका लाडात म्हणाली, "फक्त जुनी, सोनेरी गाणी!" आणि मागोमाग धडाडधूम वाद्यं सुरू झाली. शिंप्याचा पाय काही थांबला नाही.

"ही जुनी?" तो करवादला. "ही गाणी आली तेव्हा माझे गुडघे दुखायला लागले होते!"

समोरच्या स्टुलावर त्याची बायको एका झग्याचा घेर दुमडून त्याला टाचण्या लावत होती. ओठांत टाचण्या धरल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर तिचं हसू बाहेर पडलं असतं.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती बघत होती. बाकीची गाणी मशीनच्या खडखडाटात यायची नि जायची. पण होडी चुकलेल्या मुलीचं ते एक गाणं लागलं की मशीन थांबायचं. शिवण अर्धी असो, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असो. सुई कापडात तशीच रुतवून हा माणूस खाली मान घालून बसायचा. गाणं संपलं की पुन्हा खडखड सुरू.

का थांबतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती नवी नवरी असतानाच नणंदेने हसत हसत कानात घातलं होतं, "वहिनी, तुझ्याआधी दादाला एक मुलगी सांगून आली होती. काय गळा होता गं तिचा! जमता जमता मोडलं बघ." नणंद बोलून मोकळी झाली. काटा वहिनीच्या पायात राहिला.

त्या बाईला तिने कधी पाहिलं नव्हतं. पण मनातल्या मनात तिचे केस लांब करून झाले होते, रंग उजळ करून झाला होता. आपले केस पिकले, दात हलायला लागले, आणि या सवतीने मात्र फळीवर बसून जन्मभर तरुण राहायचं, हा कुठला न्याय? एकदा तर पुसायच्या निमित्ताने तिने रेडिओची वायरच उपटली होती. शिंप्याने ती पुन्हा जोडली. तेव्हापासून तिने हात आवरला. पण त्या गाण्याचा शब्द न् शब्द तिला पाठ झाला होता. वैऱ्याचं घर कोणी विसरतं का?

आणि मग रेडिओ केंद्राने सगळी गाणीच बदलली. जुनी म्हणजे आता सूनबाई कॉलेजात होती तेव्हाची. होडी चुकलेली मुलगी गेली ती गेलीच. इडापिडा टळली, असं म्हणून ती त्या रात्री गाढ झोपली.

शिंप्याचं मात्र कामात लक्ष लागेना. काल त्याने बाही उलटी जोडली. उसवायचं काम अर्थात हिच्याकडे आलं. एकेक टाका तोडताना ती मनात म्हणत होती, इतका जीव? माझ्यापायी कधी एक टाका तरी चुकलात?

वाद्यं थांबली. "आता तुमच्या फर्माइशी. करा फोन!" निवेदिका म्हणाली. शिंपी ताडकन उठला.

"रेडिओ बंद कर गं. फोनमध्ये घुमतो म्हणतात."

तिने टाचण्या हातात घेतल्या. "तुम्ही कुठे निघालात?"

"मागच्या दाराशी. इथे नीट ऐकू येत नाही."

एवढी वर्षं याच खुर्चीवरून गिऱ्हाइकांशी फोनवर बोलत होता. आजच बरं ऐकू येईना! तिने बटण फिरवलं, पण पार बंद केलं नाही. स्टूल फळीखाली ओढलं, वर चढली आणि कान जाळीला लावला.

"काका, ते गाणं आता आमच्याकडे लागत नाही," निवेदिका म्हणत होती. "गाणी वरून ठरून येतात. माझ्या हातात काही नाही हो. पण एवढं कोणाच्या आठवणीसाठी हवंय?"

टाचण्या तिच्या तळव्यात रुतल्या. आता नाव येणार.

"आठवण कसली? बायको आहे माझी," नवऱ्याचा आवाज जाळीतून आला. "दुकानात बसलीय."

"मग?"

"ते गाणं लागलं की ती गुणगुणते. तोंडात टाचण्या, ओठ मिटलेले, सूर सगळा नाकातून. तिचं तिलाही कळत नाही. एरवी कधी एक ओळ म्हणायची नाही. तेवढंच ऐकायला मिळायचं."

निवेदिका हसली. "अहो, मग त्यांनाच म्हणायला सांगा ना!"

"छे! सांगितलं तर तेवढंही बंद करेल. फार हट्टी आहे ती."

शिंपी आत आला तेव्हा ती जागेवर बसली होती. रेडिओ मुका होता.

"मिळालं का गाणं?" तिने विचारलं.

"नाही. आता नाही लागायचं ते." तो मशीनवर बसला. खडखड सुरू झाली.

तिने एकेक टाचणी पुन्हा ओठांत धरली. झग्याचा घेर मांडीवर ओढला. मान खाली घातली. मग मिटल्या ओठांनी, नाकातून, चांगलीच बेसूर, तिने ती होडी पहिल्या ओळीपासून पाण्यात सोडली.

मशीन थांबलं.